टबातली उंच पाणगवते: कोणते घ्यावे, कोणते रोपवाटिकेतच राहू द्यावे

पुणे-सोलापूर रस्त्यावर हडपसर मागे टाकून उरुळी कांचनच्या दिशेने निघाले की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रोपवाटिका लागतात. पूर्वी त्यांच्या दर्शनी भागात अरेका पाम आणि क्रोटन मांडलेले असत. आता तिथे पाण्याने भरलेल्या टबांत माणसाहून उंच, वाऱ्यावर झुलणारी गवते उभी असतात. हॉटेलांचे आणि बंगल्यांचे बगीचे आखणाऱ्यांनी ही आवड आणली आणि तिथून ती सोसायट्यांच्या गच्च्यांवर पोहोचली. याच पट्ट्यातील एका रोपवाटिकेतून आणलेले पपायरस, छत्री लव्हाळा आणि पट्टेरी नळ मी पुण्यात गच्चीवर टबांत लावले, तर पपायरसचा दुसरा गड्डा, वाळा आणि पाणकणीस तळेगाव दाभाड्याला भावाच्या अंगणात जमिनीत लावले. दोन्ही ठिकाणी त्यांचा उन्हाळा, पावसाळा आणि थंडी पाहून झाल्यावर हे परीक्षण लिहिते आहे. निष्कर्ष आधीच सांगून टाकते: या सगळ्या व्यवहारात रोप ही सर्वांत स्वस्त वस्तू आहे. पैसे, जागा आणि विचार लागतो तो टबाला, मातीला, वजनाला आणि पाण्याला. ते चार प्रश्न सुटले की कोणते गवत घ्यायचे याचे उत्तर बहुतेक वेळा आपोआप मिळते.

यांना सरसकट गवत म्हटले जात असले, तरी पपायरस आणि छत्री लव्हाळा गवताच्या कुळातले नाहीत. ते लव्हाळ्याच्या कुळातले आहेत, आणि शेतकऱ्याला नको नको करून सोडणारा नागरमोथा हा त्यांचा सख्खा भाऊबंद आहे. खरेदी करताना ही माहिती मनात असलेली बरी, कारण नागरमोथ्याचा चिवटपणा या देखण्या मंडळींतही पुरेपूर उतरलेला आहे.

पपायरस हे या टोळीतले सर्वांत महाग आणि सर्वांत मोहक रोप. मूळचे आफ्रिकेतले, नाईल नदीच्या काठी याच्याच खोडातील गराच्या पट्ट्या आडव्या-उभ्या ठेवून, दाबून, वाळवून प्राचीन इजिप्तचे लोक लिहिण्याची पाने करत. आज दक्षिण सुदान या देशातील सुद्द दलदलीत आणि व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी याची मैलोन्मैल वने आहेत, आणि तिथे ते चार-पाच मीटर उंच होते. टबात दीड ते अडीच मीटरपर्यंत जाते, आणि घरगुती बागेला तेवढे भरपूर आहे. खोड तळाशी अंगठ्याएवढे जाड, तीन धारांचे, एकाही पेराशिवाय थेट वर गेलेले असते. जुने झालेले खोड कापून पाहिले तर आत थर्मोकोलसारखा पांढरा, हलका, ओलसर गर दिसतो आणि बोटाने दाबला की पाणी सोडतो. टोकाला हिरव्या धाग्यांचा झुबका असतो. नवा झुबका उलगडण्यापूर्वी तपकिरी पापुद्र्यात घट्ट बांधलेला असतो. मग पापुद्रा फाटतो, धागे ताठ उभे राहतात आणि आठवड्याभरात गोलाकार होऊन खाली कलतात. हा क्रम पाहण्यासाठी एक रोप घरी असावे, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

मात्र गच्चीवर त्याचे हाल होतात, आणि त्याचे कारण त्याच्या मूळ जागेत आहे. दलदलीत हजारो खोडे एकमेकांना टेकून उभी असतात आणि वारा कडेच्या रांगेवरच अडतो. पाचव्या मजल्यावरच्या गच्चीत एकट्या टबातील पंधरा-वीस खोडांना तसा आडोसा नसतो. मे महिन्यातील वळवाच्या पहिल्या वादळात वरचा झुबका पालासारखा वारा धरतो आणि खोड मधोमध मोडते. एकदा मोडलेले खोड पुन्हा सरळ होत नाही, ते तळाशी कापूनच टाकावे लागते. बांबूचा आधार देऊन पाहावा तर रोपाची सगळी शोभा जाते. म्हणून पपायरस ज्यांच्याकडे तीन बाजूंनी भिंत, सहा तास ऊन आणि वरून मोकळे आकाश असेल अशा चौकात किंवा अंगणाच्या कोपऱ्यात लावावा. उन्हाच्या बाबतीत तडजोड करू नये. ऊस आणि ज्वारी ज्या पद्धतीने कडक उन्हाचे अन्न करतात त्याच, म्हणजे सी-4, पद्धतीची ही वनस्पती आहे. सावलीत ती मरत नाही, पण खोडे बारीक, लांबट आणि लुळी येतात आणि पैसे वाया गेल्यासारखे वाटते.

त्याच्या शेजारी छत्री लव्हाळा ठेवला तर पहिल्या दिवशी तो गरीब नातेवाईक वाटतो. रोपवाटिकेत त्याला अंब्रेला पाम म्हणतात, किंमत पपायरसच्या पावपटीहूनही कमी, आणि तो पाम मुळीच नाही. उंची एक ते दीड मीटर, खोड बोरूएवढे, टोकाला धाग्यांऐवजी चपट्या पट्ट्यांसारखी पाने छत्रीच्या काड्यांप्रमाणे पसरलेली. पण वर्षभराच्या हिशेबात माझ्या मते टबासाठी याच्यासारखे दुसरे रोप नाही. अर्ध्या दिवसाच्या उन्हात तो तसाच भरतो, वाऱ्यात वाकतो आणि पुन्हा उभा राहतो, पाणी दोन दिवस आटले तरी पानांची टोके तपकिरी करून तक्रार नोंदवतो आणि पाणी मिळताच नवे फुटवे काढतो. बाल्कनीत ठेवता येते, जिन्याच्या वळणावर ठेवता येते. घरात मांजर असेल तर मात्र तिच्या उंचीपर्यंतची पाने कुरतडलेली दिसतील. रोपाला त्याचे विशेष काही वाटत नाही.

त्याची वाढ करण्याची रीत तर इतकी सोपी आहे की दुसरे रोप विकत घेण्याचे कारणच उरत नाही. टोकाची छत्री खोडाचा चार बोटे भाग ठेवून कापावी, पाने अर्ध्यावर छाटावी आणि ती उलटी, म्हणजे खोड वर व छत्री खाली, पाण्याच्या भांड्यात ठेवावी. दोन-तीन आठवड्यांत पट्ट्यांच्या बेचक्यातून पांढरी मुळे आणि पोपटी कोंब निघतात. एका छत्रीतून चार-पाच रोपे सहज मिळतात. पपायरसच्या बाबतीत एवढा भरवसा नाही. त्याचा गड्डा उपटून, कंद सुरीने कापून, प्रत्येक तुकड्याला किमान दोन-तीन कोंब ठेवून लावणे हाच खात्रीचा मार्ग.

खरेदीच्या वेळची गफलत इथेच होते. मी गेले त्या रोपवाटिकेत पपायरसच्या पाटीखाली तीन वेगवेगळी रोपे एकत्र ठेवलेली होती: खरा पपायरस, छत्री लव्हाळ्याची कोवळी रोपे आणि बुटका पपायरस. यातला बुटका पपायरस दोन-अडीच फुटांवर थांबतो. त्याच्या झुबक्याचे धागे आखूड, ताठ आणि सगळे जवळजवळ एकाच लांबीचे असतात, त्यामुळे तो लहान चेंडूसारखा दिसतो. खऱ्या पपायरसचे धागे लांब, केसांसारखे मऊ आणि झुकलेले. रोप कोवळे असेल तर खोड दोन बोटांत धरून फिरवून पाहावे, खऱ्या पपायरसच्या तीन धारा स्पष्ट लागतात. तिथल्या मावशींना हा फरक उत्तम माहीत होता. विचारल्याबरोबर त्यांनी, “मोठा पाहिजे ना ताई, मग ही पिशवी नका घेऊ, ती मागची घ्या,” असे सांगून मला योग्य रोप काढून दिले. पाटी मात्र तशीच राहिली. न विचारणाऱ्याला साडेतीनशे रुपयांत शंभराचे रोप मिळण्याची सोय त्या पाटीने केलेली आहे, आणि हे मला खटकले.

आता टबाकडे. तळाला भोक नसलेला, किमान 60 सेंमी व्यासाचा आणि 40 सेंमी खोल टब पपायरसला किंवा पट्टेरी नळाला लागतो. छत्री लव्हाळ्याला 40 सेंमी व्यास पुरतो. बाजारात फायबरचे, प्लॅस्टिकचे आणि सिमेंटचे असे टब मिळतात. फायबरचे देखणे पण महाग, सिमेंटचे जड आणि नवे असताना पाण्यात क्षार सोडणारे. सर्वांत किफायतशीर म्हणजे 200 लिटरचा निळा ड्रम अर्धा कापून घेणे. तो खाद्यपदार्थांचा असल्याची खात्री करून घ्यावी. रसायनांचा ड्रम कितीही धुतला तरी घेऊ नये. काळा टब उन्हाळ्यात नकोच, कारण दुपारी त्यातले पाणी हात घालवत नाही इतके तापते. पातळ प्लॅस्टिकच्या कुंड्याही टाळाव्यात. लव्हाळ्याच्या मुळांचा गठ्ठा वाढला की कुंडी बाहेरून फुगलेली दिसू लागते आणि एक दिवस उभी चिरते.

वजनाचा विचार कोणी विक्रेता आपणहून सांगत नाही, म्हणून तो इथे जरा सविस्तर सांगते. वर सांगितलेल्या मोठ्या टबात भिजलेली माती, खडी आणि पाणी मिळून दीडशे ते दोनशे किलो वजन होते, आणि ते सगळे जेमतेम पाव चौरस मीटरपेक्षा थोड्या अधिक जागेवर बसते. भारतीय मानक 875 च्या दुसऱ्या भागात वावर असलेल्या गच्चीसाठी चौरस मीटरला 1.5 किलोन्यूटन, म्हणजे साधारण 150 किलो, एवढा वापराचा भार धरलेला आहे. हा भार क्षेत्रावर पसरलेला धरायचा असल्याने एखाद-दुसऱ्या टबाने स्लॅब खचेल असे नाही, पण गच्चीच्या मधोमध सहा टब ओळीने मांडणे हा निव्वळ अविचार आहे. टब तुळईच्या रेषेत किंवा खांबाजवळ ठेवावेत, दोन टबांत अंतर सोडावे, आणि इमारत जुनी असेल तर आधी अभियंत्याला विचारावे. टबाखाली विटा ठेवून हवा खेळती ठेवली तर वॉटरप्रूफिंगवर ओल साचून राहत नाही.

माती भरताना नेहमीच्या कुंडीचे सगळे नियम बाजूला ठेवावे लागतात. कोकोपीट तरंगते, गांडूळखत पाण्यात विरघळून शेवाळाला मेजवानी देते, आणि कच्चे शेणखत कुजून जो वास सुटतो त्याने शेजारी दार वाजवतात. इथे पोयटा किंवा चिकण काळी माती हवी, म्हणजे गच्चीवर इतर झाडांना जी चालत नाही तीच. तळाशी मूठभर निंबोळी पेंड आणि पूर्ण कुजलेले थोडे खत, त्यावर माती, रोप, पुन्हा माती, आणि शेवटी तीन बोटे जाड खडीचा थर. पुढे खत द्यायचे ते सावकाश विरघळणाऱ्या गोळ्यांच्या रूपात, मुळांजवळ मातीत खोल खुपसून.

खडीचा थर शोभेसाठी नाही. साचलेले स्वच्छ पाणी म्हणजे डेंग्यूच्या डासाला निमंत्रण, आणि उकाड्याच्या दिवसांत अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. पावसाळ्यात महापालिकेचे कर्मचारी टब तपासायला येतात आणि अळ्या सापडल्या तर दंडही होतो. यावर गप्पी मासे हा सर्वांना ठाऊक असलेला उपाय आहे. तो चालतो, पण लहान टबात उन्हाळ्यात मासे मरतात, आणि वाढलेले मासे नदी-तलावात सोडून देणे स्थानिक जीवसृष्टीला मुळीच हितकारक नाही. त्यापेक्षा पाण्याची पातळी खडीच्या पृष्ठभागाखाली दोन बोटे ठेवणे अधिक सुटसुटीत. माती पूर्ण भिजलेली राहते, रोपाला तेवढे पुरते आणि डासाला उघडे पाणी मिळतच नाही. यासाठी टबाच्या बाजूला खडीच्या वरच्या पातळीपासून दोन बोटे खाली एक भोक पाडून घ्यावे, म्हणजे पावसाचे जास्तीचे पाणी आपोआप निघून जाते. रोपवाटिकेने दिलेल्या देखण्या टबाला असे भोक नव्हते, आणि विक्रेत्याने, “भोक कशाला, पाण्याचंच रोप आहे,” असे उत्तर दिले. त्याला जूनमधल्या एका मोठ्या पावसानंतरचा तो टब दाखवायला हवा होता.

पाण्याचा खर्च किरकोळ नाही. एप्रिल-मे महिन्यांत पुण्यात उघड्या पाण्याची पातळी बाष्पीभवनानेच रोज साधारण 8 ते 10 मिमी उतरते, आणि गवत पानांतून जे उडवते ते वेगळे. भरलेला पपायरस त्या दिवसांत रोज बादलीच्या आसपास पाणी पितो. कपातीच्या उन्हाळ्यात हे मनाला पटत नसेल तर पपायरस घेऊच नये. छत्री लव्हाळ्याचे भागते त्याच्या निम्म्यात. वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणी यांना उत्तम मानवते. टँकरचे किंवा बोअरचे जड पाणी सतत दिले तर खडीवर पांढरा थर धरतो आणि पानांची टोके जळतात. मग पावसाळ्यात टब एकदा भरभरून वाहू द्यावा, म्हणजे क्षार धुऊन जातात.

पट्टेरी नळाविषयी थोडक्यात सांगते. हे खरे गवत आहे, पेरांचे आणि पोकळ खोडाचे. क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोनच्या पात्या याच्याच जातीपासून करतात. नव्या पानांवरचे मलईच्या रंगाचे पट्टे फारच सुरेख दिसतात, पण उन्हाळा वाढत जातो तसे ते फिके होत जातात आणि मे महिन्यात रोप दुरून नुसते पिवळट दिसते. मधूनच पूर्ण हिरवे कोंब येतात, ते वेळीच कापले नाहीत तर पट्टेरी भाग मागे पडतो. जमिनीत मोकळे सोडल्यास हे गवत आवरत नाही. जगातील सर्वांत उपद्रवी शंभर आक्रमक प्रजातींच्या यादीत त्याचे नाव आहे, आणि छाटलेल्या कांडीच्या पेरातूनही ते फुटते, म्हणून छाटणीचा कचरा ओढ्या-नाल्यात टाकू नये. टबात, भिंतीच्या कडेला, एक पडदा म्हणून ठीक. अडीचशे रुपयांना मला ते महाग वाटले.

पाणकणीस तर घरी आणूच नये. तलावाकाठी ते हवेच, कारण जांभळ्या पाणकोंबड्या त्याच्या आडोशाने राहतात, आणि सांडपाणी शुद्ध करणाऱ्या वाफ्यांतही या वर्गातील वनस्पतींचा चांगला उपयोग होतो. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केलेल्या फायटोरिड पद्धतीचा आधारच अशा वनस्पती आहेत. पण अंगणात त्याचे टोकदार कंद वाफ्याच्या तळाला अंथरलेला प्लॅस्टिकचा पातळ कागद भोसकून बाहेर पडतात, आणि तपकिरी कणीस पिकून फुटले की त्यातील कापूस दाराखिडक्यांतून घरभर होतो. तळेगावला ते उपटण्यात जेवढी मेहनत गेली तेवढ्यात दुसरा वाफा तयार झाला असता.

जमिनीतल्या वाफ्याची रचना इथे सांगायला हवी, कारण कुठल्याही रोपवाटिकेत ती कोणी सांगत नाही. दीड फूट खोल खड्डा, तळ आणि बाजू सारख्या करून त्यावर शेततळ्याला वापरतात तो 500 मायक्रॉनचा कागद, त्यात पुन्हा तीच उकरलेली माती, आणि कडेला जमिनीच्या चार बोटे खाली कागदाला काही भोके. यामुळे तळाशी पाणी धरून राहते, वर पाणथळ होत नाही, आणि मुळे कागदाच्या आतच राहतात. पाऊस संपल्यावर आठवड्यातून दोनदा पाणी दिले तरी वाफा ओला राहतो. या वाफ्यात पपायरसने गच्चीपेक्षा कितीतरी चांगला रंग धरला, कारण तिथे घराच्या भिंतीचा आडोसा आहे. थंडीत तळेगावला पारा खाली गेला की त्याची वाढ थांबते आणि झुबके तांबूस होतात. ती खोडे फेब्रुवारीत तळाशी कापली की मार्चपासून नवे कोंब येतात.

सर्वांत समाधान दिले ते वाळ्याने, ज्याला शोभेच्या रोपांत कोणी धरतच नाही. रोपवाटिकेत त्याला वेगळी पाटीही नव्हती. कोपऱ्यात गवती चहाच्या शेजारी पडलेले ठोंब मी मागून घेतले आणि ते काही रुपयांत मिळाले. दीड-दोन मीटर उंचीची, सडपातळ, वरून कमानीसारखी कललेली पाने, आणि पावसाळ्याच्या शेवटी येणारे जांभळट तुरे. वाऱ्याची त्याला पर्वा नाही, पाण्यात उभा राहतो, आणि दोन महिने पाणी तोडले तरी मरत नाही. मुळे आडवी पसरत नाहीत, सरळ खाली जातात, दोन-तीन मीटरपर्यंतसुद्धा. त्यामुळे शेजारच्या झाडांशी भांडण नाही आणि उताराची माती धरून ठेवली जाते. म्हणूनच तो कागदाच्या वाफ्यात न लावता वाफ्याच्या बाहेरच्या कडेला, सांडलेले पाणी पोहोचते तिथे लावावा. घेताना बी न धरणाऱ्या जातीचे ठोंब आहेत का, एवढे मात्र विचारून घ्यावे. उत्तरेकडील काही प्रकारांचे बी पडून रोपे उगवतात. टबातही तो येतो, पण मुळांना खोली न मिळाल्याने त्याची उंची आणि डौल अर्ध्यावर राहतो, आणि टब फोडल्याशिवाय ठोंब बाहेर निघत नाही.

रोपवाटिकेबद्दल एकूण मत बरे आहे. रोपे निरोगी होती, पिशव्यांत मुळे भरलेली होती, गाडीत नीट बांधून दिली. पण सगळी रोपे हिरव्या शेडनेटखाली वाढवलेली होती आणि हे विकताना सांगितले जात नाही; घरी आणल्याबरोबर उन्हात ठेवली तर पाने पांढरी पडतात, म्हणून दहा-बारा दिवस सकाळच्या उन्हातच ठेवून मग पुढे सरकवावी. टब आणि खडी तिथून घेऊ नये, ती शहरात भंगाराच्या आणि बांधकाम साहित्याच्या दुकानांत निम्म्या किमतीत मिळते. एक पपायरस, टब, माती आणि खडी धरून दीड ते दोन हजारांचा खर्च येतो. त्याच पैशांत छत्री लव्हाळ्याचे तीन टब आणि वाळ्याची एक अख्खी रांग होते. खरेदीला जून उजाडल्यावर जावे, उन्हाळ्यात नेलेला पपायरस गाडीतच मान टाकतो. मी येत्या पावसाच्या तोंडावर वाळ्याचे आणखी ठोंब सांगून ठेवले आहेत, आणि गच्चीवरचा पपायरस टबासकट तळेगावला जाणार आहे. तो टब चार जणांशिवाय उचलत नाही, तेव्हा लिफ्ट चालू असलेला दिवस पाहूनच.